सात नंबर बाहेर

संयोगिता रोज सकाळी चहाच्या आधी शिट्टी कोमट पाण्यात धुवायची, ओढणीला पुसायची आणि खिडकीत उभी राहून एकदाच, आखूड वाजवायची. सांगलीतल्या त्या गल्लीला याची सवय झाली होती. दूधवाला खालून ओरडायचा, "बाई, फाउल कुणाचा?"

"तुझाच. दुधात पाणी हाय."

ती शाळेत खेळ शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून जायची. हा खेळ तिला वडिलांकडून मिळाला. ते सुभेदार होते. पलटणीत शिकलेला खेळ त्यांनी आपल्या गावी, आष्ट्याला आणला आणि मुलाबरोबर मुलीलाही मैदानावर उतरवलं. त्यांच्या माघारी थोरला भाऊ उदयसिंह यात्रा कमिटीत आला, तेव्हा त्याने कबड्डीच्या जोडीला बास्केटबॉलचे सामनेही ठेवले. पंच म्हणून बहिणीला हक्काने बोलावलं.

अंतिम सामना आष्टा आणि वडूज यांच्यात होता. उन्हं कलली होती. आष्ट्याचा सगळा जोर उदयसिंहच्या मुलावर, सात नंबरच्या जयराजवर होता, आणि त्याचे चार फाउल झाले होते. पाचव्याला खेळाडू बाहेर जातो. त्याच्या जागी दुसरा येतो, पण तो स्वतः त्या सामन्यात परतत नाही.

वडूजचा मुलगा बास्केटखाली उडाला. जयराजचा हात चेंडूवर बसला नाही, त्या मुलाच्या मनगटावर बसला. संयोगिता चार पावलांवर होती. शिट्टी वाजली. गुणलेखकाने पाचाची पाटी वर धरली आणि जयराज बाकावर जाऊन बसला.

थोड्या वेळाने आष्ट्याने एक बास्केट टाकलं आणि मैदानाभोवती गिल्ला झाला, "जिवंत! जयराज जिवंत!"

कबड्डीवर वाढलेलं गाव ते. आपल्याकडून समोरचा गडी बाद झाला की आपला बाद गडी 'जिवंत' होऊन परत आत येतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गावातल्या सरावात बास्केटबॉललाही तोच कायदा चालायचा: आपलं बास्केट पडलं की बाहेर गेलेला गडी आत. माइकवाल्याने जाहीर करून टाकलं आणि जयराज टाळ्यांच्या गजरात आत आला.

संयोगिताने चेंडू उचलून कमरेवर धरला.

"ह्या खेळात जिवंत व्हायचं न्हाई रं. बाहेर जा."

"आत्या, सरावाला तर चालतं की!"

"सरावाला मी नव्हते."

उदयसिंह रेषा ओलांडून आला. "संयू, सारं गाव बघतंय. भाचा हाय तुझा."

"भाचा घरात, दादा. हितं सात नंबर."

"गावाचा कायदा गावात चालतो."

"मग गावातलाच पंच आणायचा. मला कशाला बोलावलंस?"

मागून कुणीतरी ओरडलं, "आवं बाई, वडूजला सून व्हनार हायसा काय?" लोक हसले. ती हसली नाही, हललीही नाही.

उदयसिंहने आवाज खाली आणला. "ह्याला खेळू दिलं न्हाईस, तर माहेर तुटलं म्हणून समज. उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई."

आईवडील गेल्यावर तिला एवढा एकच उंबरा उरला होता. तिने चेंडू कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतला.

"सात नंबर बाहेर गेल्याबिगर खेळ सुरू व्हनार न्हाई."

जयराजने वडिलांकडे पाहिलं, मग आत्याकडे. मग तो स्वतःच बाहेर गेला.

वडूज जिंकलं. तिच्याशी कुणी बोललं नाही. सांगलीची बस समोर उभी होती. कमिटीतल्या एकाने तिची पिशवी बसच्या दारापर्यंत नेऊनही ठेवली. तिने ती परत उचलली आणि चालत भावाचं घर गाठलं.

पंगत बसली होती. तिने बूट काढले, हातपाय धुतले आणि उंबरा ओलांडून थेट उदयसिंहच्या शेजारच्या रिकाम्या पाटावर बसली. त्याने मान वर केली नाही, पण 'ऊठ' असंही म्हटलं नाही. वहिनी पातेलं घेऊन उभी होती, एकदा नवऱ्याकडे आणि एकदा नणंदेकडे बघत.

संयोगिताने ताट पुढे सरकवलं.

"वयनी, रस्सा वाढ की. आन् भाकरी गरम असली तर बघ."