इंदूची घडी

इंदूचा धाकटा भाऊ उंब्रजहून पहिल्या एस.टी.नं सांगलीला आला आणि विश्रामबागेतल्या आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "ताई, आक्का गेली. रातच्याला निजली ती उठलीच न्हाई." मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. पण मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? हिनं मरणसुद्धा सोपं मिळवलं! ना आजारपण, ना कुणाची सेवा. तेराव्याला बायका डोळे पुसत "पुण्यवान गं बाई" म्हणत होत्या आणि मी कोपऱ्यात बसून जळत होते. महिना झाला, अजून जळतेच आहे.

आमची ओळख साताऱ्याच्या शिवणवर्गातली. माझी शिवण दोरी लावल्यासारखी सरळ, तिची जन्मात सरळ आली नाही. शिवणाच्या बाई तिचा ब्लाऊज उलटा करून वर्गाला दाखवायच्या आणि ही बया सगळ्यांच्या आधी हसायची. पुढं मी लग्न होऊन सांगलीला आले. इंदूचं सासरी पटलं नाही, ती माहेरी उंब्रजला परतली. पण शिवणाचं काम निघालं की माझ्याकडं आठ-आठ दिवस येऊन राहायची. अशातच इथल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. बायका महिन्याच्या त्या दिवसांत जुन्या लुगड्याचे तुकडे वापरतात, धुऊन अंधारात लपवून वाळवतात, ते ओलेच राहतात आणि मग दुखणी मागं लागतात... बाईंना हवी होती कापसाची आणि जाळीच्या कापडाची घडी, अंगाला नीट बसणारी, एकदा वापरून टाकून द्यायची. (हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत कशाला लिहितेस, असं आमच्या यजमानांनी विचारलं. घराघरांत दर महिन्याला लागणारी वस्तू आहे, लिहिणार!) मी आरशापुढं उभी राहून माप घेतलं, लांबट सरळ घड्या शिवल्या, कमरेला बांधायला पट्टा केला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मी त्याहून खूश.

पंधरवड्यात कवठे महांकाळकडची एक बाई उरलेल्या घड्या परत घेऊन आली. "बाई, हुबं ऱ्हायलं की ब्येस हाय. खाली बसलं की मागं सरकतंय, गोळा हुतोय." इंदू तिथंच होती. ती खो-खो हसत सुटली. "अगं शाले, हुबं राहून माप घेतलंस व्हय? बाया रानात तण काढाय, भांगलायला उकिडव्या बसत्यात, भाकरीला पाटावर बसत्यात. दिसभर हुब्या कवा असत्यात? बस खाली!" आम्हांला वर्गात शिकवलेलं, माप घ्यायचं ते ताठ उभं राहून. दुसरं कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिनं मला पाटावर उकिडवं बसवलं, वर्तमानपत्राचा कागद धरला आणि कात्री फिरवली... पुढं बेताचा, मधे अरुंद, मागं रुंद, चपलेच्या तळासारखा. मी तो शिवला. तसूभर हलेना! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता इंदूची घडीच करा." इंदूची! मशीन माझं, टाके माझे, पाठ माझी मोडायची आणि नाव त्या वाकड्या शिवणीचं. बायका दारात येऊन "इंदूची घडी हाय का?" विचारायच्या, ती उंब्रजभर सांगत सुटायची, "सांगलीत माझ्या नावानं मागत्यात," आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एक खोट मात्र राहिली होती. उन्हातून चालताना घडीच्या कडा मांड्यांना काचायच्या. इंदूला ते ठाऊक होतं. "हे काचणं घालीव, मग नाव तुजं," म्हणाली. झालं! तेव्हापासून मी दुसरं काही मनात आणलं नाही. दरवेळी नवी घडी करायची, इंदू आली की तिला द्यायची. ती बांधून पाटावर बसायची, उठायची, फाटकापर्यंत झपझप चालून यायची आणि कमरेवर हात ठेवून सांगायची, "काचतंय अजून." काय आनंद व्हायचा तिला ते म्हणताना! दिवाळीनंतर आली तेव्हाही तेच. बशीतून चहा प्याली, "काचतंय गं शाले" म्हणाली आणि मेली हसत एस.टी.त चढली.

तेराव्याहून परतले ती रागारागानं मशीनवर बसले. कडेची शिवण खालच्या अंगाला वळवली, दोन्ही बाजूंचा कापूस विरळ केला, वरून मऊ मलमल गुंडाळली. तीच घालून भर उन्हात पेठेपर्यंत चालत गेले, चालत आले. कुठं म्हणून काचलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी घडी उलटीपालटी करून पाहिली, दोघी-चौघींना वापरायला दिली आणि आठवड्यानं मला म्हणाल्या, "आता हिला शालिनीची घडी म्हणायचं." इतकी वर्षं मी ह्याच वाक्यासाठी झुरले होते.

घरी आले. मशीनशेजारी भिंतीला तो पाट टेकवलेला आहे, इंदू बसायची तो. तो आडवा टाकला, त्यावर नवी घडी ठेवली आणि फाटकाकडं बघत बसले... इंदे, ये गं. बस, ऊठ, चालून ये. आणि खोटं का होईना, एकदा काचतंय म्हण.