आमच्या टीमला बोलका मॅनेजर मिळाला

मंडळी, फर्स्ट शिफ्ट करून थेट मैदानावर गेलो होतो, आत्ता घरी टेकलोय. अंगात त्राण नाही, तरी लिहितोय.

आज मोशीला आमच्या कंपनीच्या फुटबॉल टीमचा नवा मॅनेजर निवडला. एक उमेदवार थॉमस, आमच्याच प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या मशिनींवरचा. केरळचा, फुटबॉल खेळतच वाढलेला, पण मराठी येत नाही आणि हिंदीही तुटकी. दुसरे ऑफिसातले शिंदेसाहेब. बोलायला एक नंबर, पण बॉलला कधी पाय लावलेला नाही.

"थॉमस भारी हाय राव, पण त्याचं बोलणं कळत न्हाई," पोरं म्हणाली. थॉमससाठी हात वर झाला तो माझा एकट्याचा.

मग साहेबांचं भाषण सुरू झालं. अंधारून आलं तरी बॉल पिशवीतच.

शेवटी थॉमसने लांबूनच बोट हवेत गोल फिरवलं. प्रेसच्या दणदणाटात कानात बोळे घालून आम्ही सगळी पोरं दिवसभर अशाच खुणांवर काम करतो. या खुणेचा अर्थ, चालू करा.

सगळी पोरं एकदम उठली. साहेबांचं वाक्य अर्धंच राहिलं.

मग मगाशी कळत नव्हतं ते नेमकं काय, सांगेल का कोणी?