फोटोखालचं नाव

"ए गंगे!"

पाठीमागून हाक आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जी, आली."

माझं नाव गंगा नाही. मी मुलींच्या शाळेतली मास्तरीण. समोर माझ्या चौथीच्या बावीस मुली. दोघी फिसकन हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हाक मारणारी सेठाणी. बऱ्हाणपुरातलं कापसाच्या व्यापारातलं मोठं घर. नवं राज्य झालं आणि इतवारा पेठेतली कोठी, म्हणजे त्यांचा जुना वाडा, त्यांनी लोकांना बघायला खुली केली. पुढे सेठजींचा पलंग, चांदीचं पानदान. मागे नोकरांची खोली, चूल, जातं. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, मुलींना दाखवून आणा. नाही म्हणता आलं असतं. पण खोटं कशाला बोलू, मलाही एकदा त्या घरात पुढच्या दारानं शिरायचं होतं.

त्या घराची एक रीत होती. कामवाली बदलायची, हाक बदलायची नाही. आधीची बनाबाई, ती गंगा. तिच्यानंतर माझी आई कासाबाई लागली, तीही गंगा. नवं नाव कोण लक्षात ठेवणार! तिने घासलेली भांडी पुन्हा पाणी ओतून मगच आत न्यायचे. आई तापाने पडली तेव्हा नऊ वर्षांची मी तिच्या जागी गेले. पहिल्याच सकाळी मीही गंगा. घरी येऊन रडले. आई म्हणाली, "नावानं काय होते, बेटी? भाकर तर भेटते ना?" मला आईचाच राग आला होता.

सेठाणीने जात्याकडे बोट केलं. "बस ना, गंगे. पोरींले फिरवून दाखव जरा. तुझ्या मायसारखं कोणी दळत नव्हतं."

माझा हात पदर खोचायला कमरेशी गेलाही. इतकी मुरली होती ती हाक.

तेवढ्यात एक मुलगी भिंतीवरच्या फोटोखालची पाटी मोठ्याने वाचू लागली. मीच शिकवलेलं वाचन. सेठजी, सेठाणी, मुलं, सगळ्यांची नावं. पायाशी बसलेल्या कुत्र्याचंसुद्धा, मोती. मग ती कडेला आली. तिथे सेठाणीचं मूल कडेवर घेतलेली माझी आई. "मोलकरीण गंगा," मुलीने वाचलं.

आई जाऊन तीन वर्षं झालीत. तिचा जगात तेवढाच फोटो आहे. आमच्याकडे एकही नाही.

"मी नाही बसणार," मी म्हणाले. "ही कासाबाई. माझी आई. पाटी बदला."

सेठाणी हसली. "एवढं काय मनाले लावते? सगळेच तिले गंगा म्हणत होते."

"सगळे नाही. तुम्ही."

मी मुलींना फोटोसमोर उभं केलं आणि आईचं नाव त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. बावीस जणींनी म्हटलं. आता कोणी हसलं नाही. नोकराने आम्हाला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत तक्रार आली. हेडमास्तरीणबाईंनी माफीचा कागद पुढे सरकवला. म्हणाल्या, "सही कर, नाहीतर नोकरी जाईल." मी केली नाही.

रविवारी मी एकटी गेले. दारावरचा शिपाई आडवा आला. मग कोठीसमोर भर बाजारात उभी राहिले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, आतल्या फोटोतल्या बाईचं नाव कासाबाई आहे, पाटी खोटी आहे. पुढच्या रविवारीही सांगणार. पाटी बदलेपर्यंत सांगणार. नोकरी गेली तर रोज येईन.