पेन्सिलीचा हात

कुंभिवलीच्या नाक्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक काका आहेत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. रंगवताना ते अक्षरांशी बोलतात. "सरळ ऱ्हा रं, गिऱ्हाईक बघतंय," असं एखाद्या अक्षराला दटावतात आणि ब्रश स्वतःच्याच पँटला पुसतात.

यंदा कॉलेजात चित्रकथांचं प्रदर्शन होतं. विषय होता 'लहानपणीची उन्हाळ्याची सुट्टी'. मला चित्र येत नाही, म्हणून नुसती गोष्ट लिहून मी काकांकडे गेले. गोष्टीत मामाचं गाव होतं, आमराई होती.

"तुला मामा हाय का गं?"

"नाही."

"मंग?"

मी गोष्टीचा कागद त्यांच्यापुढे ठेवून निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्र पुढे ठेवलं. याच नाक्यावर, हायवेच्या कडेला, माझी आई पळसाच्या द्रोणांत करवंदं विकत बसली होती. शेजारी लहानपणीची मी होते, चेहऱ्यावर हात धरलेली. शाळेतलं कुणी दिसलं की मी तसंच करायचे. ते कुणाच्या लक्षात आलं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

"काका, वर्गातले सगळे बघतील हो हे."

"म्हणून तर इचारतो. तुझा चेहरा शाईनं काढलाय, वरचा हात नुसत्या पेन्सिलीनं. ठेवू का खोडू?"

मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. चित्रातली आई गिऱ्हाइकाकडे बघून हसत होती.

"खोडा," मी म्हणाले.

त्यांनी खोडरबर माझ्यापुढे सरकवला. "मी नाय. तूच खोड."