मुठीचा डबा

खात्यात, म्हणजे आमच्या मागांच्या शेडमध्ये, कुणी कुणाशी तोंडानं बोलत नाही. मागांच्या खडखडाटात ऐकूच येत नाही. पाणी दे, कांडी संपली, मालक आला, सगळं हातानं सांगायचं. त्या दुपारी एस्तेरमावशींच्या शेजारचा संजय दारात येऊन उभा राहिला. त्यानं दोन्ही हात जोडून गालाखाली धरले आणि मान कलती केली. मावशींना चार-पाच दिवस ताप होता आणि संध्याकाळी बघायला येतो, असा निरोप मी धाडला होता. मला वाटलं, मावशी झोपल्यात, आज येऊ नको, असं तो सांगतोय. मी मान हलवली आणि धोट्यात सुताची नवी कांडी घातली. संजय तसाच उभा. मग त्यानं एक बोट वर केलं, छताच्या पत्र्याकडे... आणि मी माग बंद केला.

उपवासकाळ अर्धा झाला होता तेव्हा. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांना आम्ही ख्रिस्ती लोक उपवासकाळ म्हणतो. आता ईस्टर होऊनही बरेच दिवस गेले. मी सहावीत शाळा सोडलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही. पण मावशींबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे असं आमच्या मंडळीतले सगळे म्हणाले आणि मग सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं.

मी जालन्याकडचा. लग्नानंतर सुरतेला आलो, लिंबायतमध्ये खोली घेतली. रविवारी चर्चला जायचो, पण उपासना गुजरातीत. पाळकसाहेब प्रेमळ होते, तरी त्यांचा संदेश मला अर्धामुर्धाच कळायचा. ‘आमेन’ तेवढं योग्य जागी म्हणायचो, तेही शेजारच्याचे ओठ बघून. एकदा बाहेर चपला घालताना माझी बायको मंदा लेकराला रागावली, तर मागून आवाज आला, “नगरची का गं तू?” मंदा नगरकडचीच. वळून बघितलं, तर पांढरं पातळ, जाड भिंगाचा चष्मा, हातात कापडी पिशवी. या एस्तेरमावशी. दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, गोडादऱ्यात एकट्या राहणाऱ्या, त्याही नगरच्याच. त्यांनी मला खालीवर बघितलं आणि म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही आमचे जावई. शुक्रवारी घरी यायचं.” तेव्हापासून मी जावई. लाडात आल्या की जावईबापू, आणि चिडल्या की नुसता दावीद.

उपवासकाळातल्या शुक्रवारी त्यांच्या खोलीत आमची मराठी मंडळी जमायची. गाणं, प्रार्थना, मग शास्त्रातला एक भाग घेऊन गोल बसायचं, प्रत्येकानं एकेक वचन वाचायचं आणि त्यावर बोलायचं. गाण्यात मावशी सगळ्यांच्या पुढं धावायच्या आणि सुराचा काही संबंध नसायचा. उपवासकाळात त्या साखर सोडायच्या. त्यांनी सोडली म्हणजे आम्हा सगळ्यांची सुटली, कारण चहा एकाच पातेल्यात व्हायचा. कुणी तोंड वाकडं करून उठायला लागलं की गुजरातीत बसवायच्या, “बेसो, बेसो. पुण्य फुकटात मिळतंय, पिऊन घ्या.”

मला त्या गोलाची धास्ती होती. माझी पाळी यायच्या आधी मी माणसं मोजायचो, माझ्या वाट्याला कुठलं वचन येणार ते हुडकायचो आणि मनात घोकत बसायचो. त्यामुळं बाकीच्यांनी काय वाचलं ते कधी कानात शिरलंच नाही. एखादा बाहेरून उशिरा आला आणि मधेच बसला की माझं वचन बदलायचं आणि मला घाम फुटायचा. मावशींनी हे कधी ओळखलं कोण जाणे. एका शुक्रवारी त्या आपली जागा सोडून माझ्या शेजारी येऊन बसल्या. चष्मा बदलायचा झालाय, दोघं मिळून वाचू, म्हणाल्या. मग माझ्या पाळीला त्या माझ्याबरोबर पुटपुटायच्या. जोडाक्षर आलं की माझ्या किंचित पुढं, सोपा शब्द आला की मागं. ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारीलाच वाचायला मदत लागते. तो चष्मा त्यांनी पुढं कितीतरी वर्षं बदलला नाही.

आणि तो डबा. पत्र्याचा, झाकणाला दोरी बांधलेली. आमच्यात रिवाज असा की उपवासकाळात घरच्या बाईनं रोज संध्याकाळी भात टाकताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे. आठवड्याचे तांदूळ शुक्रवारी पिशवीत आणायचे आणि प्रत्येकानं स्वतःच्या मुठीनं डब्यात घालायचे. ईस्टरला ते धान्य अडचणीतल्या एखाद्या घरी द्यायचं. वर्षभरानं एका उपवासकाळात सूत महागलं, मालकानं खातं बंद केलं आणि मी घरी बसलो. पार उधन्यापर्यंत खाती हिंडलो, कुणीच कामावर घेत नव्हतं. मंदा तांदूळ पुरवून पुरवून टाकत होती, मूठ कुठून काढणार? मला भूक सोसली असती. पण रोज उठून एकच भीती वाटायची, या वर्षी तो डबा आपल्याच दारी येणार, सगळ्यांच्या देखत. मी शुक्रवारी जाणं सोडलं.

मग एक दिवस मावशी रिक्षानं आल्या. भाजी आणायलाही पायी जाणारी बाई रिक्षातून उतरली हे बघून मंदा घाबरलीच. खाटेवर टेकून म्हणाल्या, “येत नाहीस, तर मी सांगणार आहे की दावीद आजारी आहे. सगळे बघायला येतील. तेरा माणसांचा चहा करावा लागेल, तोही साखरेचा.” मी म्हणालो, “मावशी, मूठ नाही आणायला.” त्यांनी खोलीत कुठंही नजर फिरवली नाही. माझ्याकडंच बघत म्हणाल्या, “मूठ आण. तांदळाचं मी विचारलं नाही.”

गेलो. त्या दिवशीचा भाग असा होता की ख्रिस्त देव असूनही त्यानं स्वतःला रिकामं केलं. मी गावाकडचा, मला रिकामा म्हणजे एकच माहीत, काम नसलेला. आणि त्या दिवशी, माणसं न मोजल्यामुळं असेल, मी पहिल्यांदा ऐकत होतो. तोंडातून निघून गेलं, “म्हणजे त्याचंही काम सुटलं होतं का?”

सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. आमच्यातले एक मास्तर होते, ते भल्या मनानं अर्थ समजावायला लागले, तर मावशींनी हात वर केला. म्हणाल्या, “अर्थ मागून सांगा. दावीद, रिकामं असलं म्हणजे कसं असतं रे? आमच्यात आज ते तुलाच ठाऊक आहे.”

मग मी बोललो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. सकाळ फार लांब होते, असं म्हणालो. ओळखीचा माणूस समोरून दिसला की आपण गल्ली बदलतो, असं म्हणालो. माग चालू असताना त्या आवाजाला शिव्या द्यायचो आणि आता शांततेत झोप येत नाही, असंही. कुणी हसलं नाही. मास्तर चष्मा काढून पुसत बसले. शेवटी डबा फिरत माझ्यापुढं आला. मी मूठ आत घातली आणि उघडली. तळाशी तांदूळ होते, त्यांच्यावर माझा हात टेकला. मावशी म्हणाल्या, “झाकण नीट लाव, उंदीर फार झालेत.”

ईस्टर जवळ आला तशी माझी धाकधूक वाढली. डबा येणार, नक्की येणार. पण त्या वर्षी मावशींनी जाहीर करून टाकलं की धान्य कुठं द्यायचं नाही, इथंच शिजवायचं आणि सगळ्यांनी घरच्यांसकट जेवायला यायचं. कुणाचा कोलम, कुणाचा रेशनचा जाडा, कुणाची कणी, सगळं एका पातेल्यात. असा भात कधी शिजतो का? अर्धा गिच्च, अर्धा कच्चा. पण कुठला दाणा कुणाच्या घरचा, ते ओळखायची सोय नव्हती. वाढायचा डाव त्यांनी माझ्या हातात दिला. “जावई, हात आखडू नका,” एवढंच म्हणाल्या आणि स्वतः चहात साखर घालायला गेल्या. पुढं मला काम मिळालं. रिवाज मात्र तोच राहिला, दर ईस्टरला तो अर्धाकच्चा भात आणि त्यावर सगळ्यांची कुरकुर. मास्तरांनी एकदा सुचवलं की सगळ्यांनी एकच तांदूळ आणावा, तर मावशी महिनाभर त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत.

या वर्षी मावशींना माती दिल्यावर बाहेरगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलानं येऊन खोली रिकामी केली. आमच्यापैकी प्रत्येकाला काहीतरी घेऊन जा म्हणाला. मी डबा उचलला, त्यात या वर्षीचे तांदूळ तसेच होते. ते आम्ही ईस्टरला शिजवले. नेहमीसारखेच शिजले, म्हणजे नीट शिजले नाहीत. जेवताना कुणी तक्रार केली नाही... तेव्हा कुठं मला पोटातून कळलं की मावशी गेल्या.

आता डबा आमच्या फळीवर असतो. उपवासकाळ संपलाय, म्हणून डबा रिकामाच आहे. पण कामावरून आलो, हात धुतले, की मी दोरी सोडतो, आत हात घालतो आणि मूठ उघडतो. परवा मंदानं बघितलं. “काय टाकलंत?” तिनं विचारलं.

“मूठ,” मी म्हणालो.

तिनं पुढं येऊन झाकण नीट दाबून लावलं.