राजाने खाल्लेली थप्पड

"हे तू पाहिलंस का रे?"

चष्मा कपाळावर सरकवायचा, एका ओळीवर बोट ठेवायचं आणि हे विचारायचं, ही अक्कांची पद्धत. मी लिहिलेलं असायचं, ‘राजाच्या डोळ्यांत अंगार फुलला.’ पाहिला नाही म्हटलं की लाल पेनाने ओळ उडायची. "सरी, ठीक. पुढे वाच."

जयनगरमधल्या आमच्या ऑफिसात इतिहासाच्या गोष्टी तयार होतात, मोबाइलवर ऐकायच्या. मी पुण्याहून या कानडी शहरात आलेला, गोष्टी लिहिणारा. अक्का त्या तपासायच्या. चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातल्या, शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. आमचा हेड तिशीतला. तो पाठीमागे त्यांना ‘स्पीडब्रेकर’ म्हणायचा. मीही हसायचो, हे आधीच सांगून टाकतो.

मी एकटा राहतो हे कळल्यापासून अक्का माझ्यासाठी डब्यात चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, आणायच्या. "स्वल्प खा आधी. उपाशी माणूस विशेषणं फार लिहितो."

मग तो आर्मेनियाचा राजा आला. त्याचं नाव मी इथे देत नाही. दिलं तर तुम्ही आमच्या ॲपवर तो भाग शोधून ऐकाल, आणि तो तुम्ही ऐकावा असं मला वाटत नाही.

साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा राजा. समुद्राकाठचं डोंगराळ, लहानसं राज्य. मंगोल फौजा एकेक देश जाळत निघालेल्या. याने ओळखलं की लढलो तर कोणी उरणार नाही. म्हणून खानाला भेटायला तो स्वतः निघाला, कित्येक महिन्यांच्या वाटेवर. वाटेत शत्रूचा मुलूख, म्हणून अंगावर आपल्याच दूताच्या नोकराचे कपडे आणि हातात घोड्याचा लगाम. एका गावच्या बाजारात कोणीतरी ओरडलं, "अरे, हा तर राजा!" बरोबरच्या दूताने तिथल्या तिथे राजाच्या थोबाडीत मारली. "हा कसला राजा?" राजाने मान खाली घातली आणि घोडा ओढत पुढे गेला. खानाकडून त्याने आपल्या देशासाठी अभयपत्र आणलं.

हे सांगताना अक्कांचा आवाज चढायचा. "तलवार कोणीही उपसेल रे. भर बाजारात आपल्याच माणसाची थप्पड खाऊन गप्प राहायचं, ते कोणाला जमतं?"

मी तसंच लिहिलं. अंगार वगैरे काही नाही. अक्कांनी त्या दिवशी लाल पेन उघडलंच नाही.

हेडने वाचलं आणि मीटिंग बोलावली. "अक्का, हिरो थप्पड खातो? लोक तिथेच बंद करतात."

"करू देत."

"आपण उलटं करू ना. जो ओळखतो त्यालाच राजा थप्पड मारतो. साउंड पण मस्त येईल."

अक्का उभ्या राहिल्या. इतकी वर्षं वर्गात उभं राहिलेलं माणूस उभं राहिलं की खोली आपोआप गप्प होते.

"त्या बाजारातल्या माणसाचा गुन्हा काय हो? तो खरं बोलला. खरं बोलणाऱ्याला राजाने मारलं, हे तुम्ही पोरांना ऐकवणार?"

"अक्का, ही फक्त स्टोरी आहे."

"तुम्हाला असेल. नवरा गेल्यावर नोकरीसाठी मी शाळेच्या चिटणिसांच्या दारात तीन दिवस उभी होते. चपला काढायच्या जागेवर. माझी दोन पोरं त्या उभं राहण्यावर वाढली. उद्या कोणी म्हणेल, बाईंनी चिटणिसाला फटकावलं. ऐकायला मस्त. पण मग मी कुठे राहिले हो त्यात?"

हेड माझ्याकडे वळला. "तू कर रे चेंज."

मी केला. जेवणाच्या सुट्टीच्या आत केला. माझ्याकडे कारणं होती, पण ती इथे लिहायच्या लायकीची नाहीत.

प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘तपासले’ या शब्दापुढे अक्कांनी सही करायची असायची. तिथे त्यांनी लिहिलं, ‘खोटे आहे.’

सोमवारी त्यांच्या कार्डाने दार उघडलं नाही. वॉचमनने खुर्ची आणून दिली, पण त्या बसल्या नाहीत. अर्ध्या तासाने ऑफिसातली एक मुलगी हिशेबाचं पाकीट घेऊन बाहेर गेली आणि लिफ्टसमोर उभ्या-उभ्याच हसून काहीतरी बोलली. आत बोलवून पाणीसुद्धा विचारलं नाही. मी काचेतून बघत होतो. अक्कांनी आत पाहिलं तेव्हा मी स्क्रीनकडे मान वळवली. आज हे लिहितानाही कानशिलं तापतात.

तो भाग खूप चालला. पुण्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, राजाने काय सणसणीत ठेवून दिली!"

त्या रविवारी मी चामराजपेटेत गेलो. अक्कांनी दार उघडलं, "ये रे" म्हणाल्या, कॉफी दिली. एक शब्दही बोलल्या नाहीत मला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी मीच विचारलं, "राजाचं पुढे काय झालं?"

"तुमच्या गोष्टीत तो जिंकून घरी येतो ना? खरा राजाही घरी आला. पुढे शत्रूने चाल केली. एक मुलगा रणात पडला, दुसरा कैद झाला. कैदेतल्याला सोडवायला त्याने किल्ले दिले. पोरगा परत आल्यावर गादी त्याच्या हवाली केली आणि स्वतः मठात जाऊन साधू झाला." मग म्हणाल्या, "त्या भागावर नाव कोणाचं आहे? लिहिणारा म्हणून?"

"माझं."

"हं," त्या म्हणाल्या आणि कपबश्या उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला मेल केला, माझं नाव काढा. दहा मिनिटांत काढलं. हेड म्हणाला, "नो इश्यू." मला वाटलं होतं भांडण होईल. भांडायची तयारी करून गेलो होतो.

अक्का नंतर मुलीकडे हुबळीला गेल्या. तिथेच, दोन महिन्यांनी, झोपेत गेल्या. त्याच्या आधी एकदा मी फोन केला होता. मोठ्या उत्साहाने सांगितलं, "अक्का, नाव काढलं मी."

"आणि ती थप्पड? अजून राजाच मारतो?"

"हो."

अक्का म्हणाल्या,

"मग तू काढलंस काय रे?"