चाळिशीतल्या कांजिण्या
कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला की मला माझ्या कांजिण्या आठवतात. लेकीला आल्या, तर ती चौथ्या दिवशी अंगणात उड्या मारत होती. तिच्याकडून मला लागल्या आणि मी अंग ओरबाडून रक्तबंबाळ झालो. पाठोपाठ श्वास अडायला लागला. आई दारात आडवी, “देवीबाई घरात आल्यात, दवाखान्यात न्यायचं नाय!” संतापून मी तांब्या आरशावर भिरकावला. काचा उडाल्या. आईनं हात जोडले, “शांत हो माय, काय पायजे तुला?” ती देवीशी बोलतेय, हे कळताच मी डोळे फिरवून गरजलो, “रिक्षा! दवाखाना!” आई अनवाणीच रिक्षा आणायला धावली. डॉक्टर म्हणाले, “फुफ्फुसापर्यंत पोचलंय, मोठ्यांच्या हे जिवावर बेततं.” आई आजही सांगते, देवीनंच रिक्षा मागितली. आता देवीला खोटं कोण पाडणार?